तीन नॉबवाला स्ट्रट घेऊ का?

प्रश्न: जुनी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक रेससाठी बनवतोय, आतलं सगळं काढलंय, रोल केज बसवून झालंय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला खांब) आहेत, सध्या कंपनीच्याच स्ट्रटवर लोअरिंग स्प्रिंग टाकल्यात. कॉर्नरच्या मध्यात गाडी अचानक वळायचीच थांबते, सरळ बाहेर जाते. तीन ॲडजस्टमेंटवाला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा सेट, डॅम्पिंग म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणं बदलायला तीन नॉब असलेला) घ्यावा की सिंगल ॲडजस्टेबल चालेल?

उत्तर: तीनवाला आत्ता अजिबात घेऊ नका. तुम्ही सांगताय त्यावरून मला तर वाटतं बाहेरच्या बाजूचा स्ट्रट बंप स्टॉपवर (दबायची हद्द संपते तिथल्या रबरावर) जाऊन बसतोय, कारण गाडी खाली केली की स्ट्रटची दबायची जागा (ट्रॅव्हल) तेवढीच कमी होते, आणि स्टॉपला टेकला की स्प्रिंग एकदम कितीतरी पट कडक झाल्यासारखी होते, सगळा लोड त्या एका टायरवर येतो आणि टायर पकड सोडून देतो. ह्यावर कुठलाच नॉब फिरवून उपयोग नाही. म्हणून बॉडी आखूड असलेला स्ट्रट बघा, ज्याची उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलता येते, म्हणजे गाडी खाली आली तरी ट्रॅव्हल तसाच राहतो.

दुसरं म्हणजे मॅकफर्सनमध्ये वरचा आर्मच नसतो, त्याचं काम स्ट्रट करतो, कॉर्नरचा साइड लोड थेट त्याच्यावर. स्लिक (नक्षी नसलेले, जास्त पकडीचे) टायर लावणार असाल तर इन्व्हर्टेड मोनोट्यूब, म्हणजे उलटा बसवलेला एकाच नळीचा डॅम्परच (शॉक ॲब्झॉर्बर) घ्या असं मी म्हणेन. त्यात बारीक रॉडऐवजी जाड ट्यूब लोड घेते. भरीव रॉडची जाडी दुप्पट केली तर तो वाकायला 16 पट कडक होतो, ट्यूब पोकळ असल्यामुळे तेवढा नाही पण फरक खूप मोठा पडतो, आत घासून चिकटणंही कमी होतं.

व्हॉल्व्हिंग, म्हणजे डॅम्परच्या आतल्या व्हॉल्व्हची सेटिंग, स्प्रिंगप्रमाणे करून घ्या. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर डॅम्पिंग साधारण 1.4 पट लागतं, कंपनीचा डॅम्पर तिथेच कमी पडतो. रिबाउंडचा (दबलेला स्ट्रट परत उघडतानाच्या डॅम्पिंगचा) एक चांगला नॉब पहिल्या सीझनला पुरे. त्यात वाचलेले पैसे कॅम्बर प्लेट (कॅम्बर म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, तो बदलणारी स्ट्रटच्या वरची प्लेट) आणि लांब बॉल जॉइंटवर (आर्मचं बाहेरचं टोक खाली आणणारा) घाला, कारण खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आडव्याच्या वर गेलं की गाडी झुकताना कॅम्बर उलट कमी होत जातो, आणि हे खाली केलेल्या गाड्यांत हमखास होतं. आधी तुमच्या क्लासचे नियम मात्र वाचा, काही क्लासमध्ये सस्पेन्शनचे पॉइंट हलवायला बंदी असते.

खरेदीच्या आधी स्ट्रटच्या रॉडवर केबल टाय घट्ट बांधून काही लॅप मारा. टाय कुठे सरकला ते मोजा, पुढच्या चाकांवरचं वजनही करून दोन्ही आकडे कळवा, मग स्प्रिंग रेट ठरवू.