वाचकांचे प्रश्न : न्हाणीघराची नळजोडणी आखताना

प्रश्न : आमचे जुने न्हाणीघर पूर्ण फोडून नव्याने करायचे आहे. कमोड सध्या बाहेरच्या भिंतीलगत आहे. तो समोरच्या भिंतीकडे नेला, तर दार उघडताच बेसिन दिसेल आणि जागाही मोकळी वाटेल. प्लंबरला विचारले, तर ‘होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळते. आखणीला सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : सुरुवात सांडपाण्यापासून करावी. नळाचे पाणी दाबाखाली असते, त्यामुळे त्याचा पाइप भिंतीतून वर, खाली किंवा आडवा कसाही नेता येतो. सांडपाणी मात्र केवळ ढाळाने वाहते आणि त्या ढाळात एकदा कसूर राहिली, की फरशी उखडल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही. म्हणून आराखड्यावर पहिली खूण मैलापाण्याच्या उभ्या पाइपाची करावी, दुसरी कमोडची आणि तिसरी नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याची. नळ, शॉवर आणि आरसा यांच्या जागा त्यानंतर ठरवाव्यात.

तुमच्या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहू. उभ्या पाइपापासून कमोडची नवी जागा अडीच मीटरवर आहे असे धरले आणि दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ दिला, तर पाइपाच्या दोन टोकांच्या उंचीत ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. मैलापाण्याचा पाइप बाहेरून ११ सेंटिमीटर जाडीचा असतो. म्हणजे १६ सेंटिमीटर येथेच गेले. त्यावर कमोडखालचे वळण, वॉटरप्रूफिंग, कोबा आणि टाइल यांची जाडी मिळवली, की जमिनीखाली वीस-पंचवीस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक खोली लागते. न्हाणीघराचा स्लॅब बांधतानाच खाली घेतलेला असेल, तर ही खोली मिळू शकते. नसेल, तर एक तर न्हाणीघराची जमीन उचलून आत पायरी करावी लागेल, किंवा स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या मजल्याच्या छताखालून न्यावा लागेल. या दुसऱ्या मार्गाला खालच्या घराची संमती हवी आणि स्लॅबमधील सळया कापल्या जाणार नाहीत याची अभियंत्याकडून खात्रीही करून घ्यायला हवी. तेव्हा प्लंबरला ‘होईल का’ असे न विचारता ‘ढाळ किती मिळेल आणि कोठून मिळेल’ असे विचारावे आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यावा.

माझे स्पष्ट मत असे, की कमोड आहे त्याच भिंतीला राहू द्यावा आणि हलवायचे असेल तर बेसिन हलवावे. बेसिनचा पाइप ३२ किंवा ४० मिलिमीटरचा असतो आणि तो जमिनीपासून बराच वर निघतो, त्यामुळे त्याला पुरेसा ढाळ सहज मिळतो.

कमोड आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचे हे ठरवणारी झडप) यांची मॉडेल्स फोडकाम सुरू होण्यापूर्वीच ठरवून, शक्य झाल्यास आणूनही ठेवावीत. खाली तोंड असलेल्या कमोडच्या माहितीपत्रकात भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर दिलेले असते आणि ते टाइल लावलेल्या भिंतीपासून मोजायचे असते. समजा ते अंतर ३० सेंटिमीटर आहे आणि कारागिराने ते उघड्या विटांपासून मोजून पाइप काढला. पुढे गिलावा, चिकटवण्याचा मसाला आणि टाइल यांनी ३ सेंटिमीटर घेतले, की २७ उरतात आणि कमोडची टाकी भिंतीला भिडून कमोड जागेवर बसतच नाही. भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरचेही असेच आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपणावर किमान आणि कमाल खोलीच्या दोन रेषा कोरलेल्या असतात, आणि तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन रेषांच्या मधोमध यावा लागतो. डायव्हर्टर फार आत गेला तर मूठ बसवताना दांडा अपुरा पडतो आणि बाहेर राहिला तर झाकणपट्टी भिंतीला टेकत नाही. या कामात गवंडी, टाइल बसवणारा आणि प्लंबर या तिघांनी एकाच वेळी समोर उभे राहून जाडीचा आकडा ठरवणे फार गरजेचे आहे.

प्रश्न : आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असून टाकी गच्चीवर आहे. छताला मोठा रेन शॉवर लावायचा आहे. जाड पाइप टाकला तर दाब वाढेल ना?

उत्तर : नाही. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरच्या किती वर आहे, यावरच स्थिर पाण्याचा दाब ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो. तुमच्या टाकीतील पाणी शॉवरपेक्षा ३ मीटर वर असेल, तर तेथे ०.३ बारच मिळेल. पाइप जाड घेतल्याने वाहताना होणारी दाबाची घट कमी होते, पण मुळातला दाब वाढत नाही. शॉवरला लागणारा किमान दाब त्याच्या माहितीपत्रकात पाहावा. तो यापेक्षा जास्त असेल, तर कमी दाबावर चालणारा शॉवर घ्यावा किंवा दाब वाढवणारा पंप बसवावा. पंप बसवायचा असल्यास त्याची जागा, विजेचा पॉइंट आणि दुरुस्तीसाठी हात पोहोचण्याची सोय आताच आखून ठेवावी.

गरम पाण्याच्या बाबतीत जाड पाइपाचा एक तोटाही होतो. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर पाइपात सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावते आणि २० मिलिमीटरच्या पाइपात तीन लिटरांहून अधिक. गरम पाणी येण्यापूर्वी पाइपात निवलेले तेवढे पाणी प्रत्येक वेळी वाहून जाणार. म्हणून गीझर शॉवरच्या शक्य तितका जवळ असावा आणि मुख्य पाइप जाड ठेवून शॉवरपर्यंतची गरम फाटी बारीक ठेवावी. गीझरला जाणारे पाणी आणि मिक्सरचे (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचे) थंड पाणी एकाच पाइपातून घ्यावे. दोन्हींच्या दाबात फरक राहिला, तर पाण्याची ऊब सारखी बदलत राहते. गीझरच्या सुरक्षा झडपेचे तोंड कधीही बंद करू नये. तेथून थेंब गळतात, म्हणून बूच मारले जाते, आणि ते अत्यंत धोकादायक आहे.

प्रश्न : भिंतीतले जुने लोखंडी पाइप अजून गळत नाहीत. ते तसेच ठेवून फक्त टाइल्स आणि नळ बदलले तर चालेल का?

उत्तर : भिंत उघडणारच असाल, तर पाइप बदलावेत. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होत जातात आणि नवा नळ बसवण्यासाठी एका सांध्याला पाना लावला, की पुढचा जुना सांधा सैल होण्याची भीती असते. नव्या जोडणीत गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा, पाइप वापरावा. साधारणपणे तो ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. साध्या पीव्हीसी प्लॅस्टिकचा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्यापुरताच ठेवावा. मात्र सीपीव्हीसी तापल्यावर लांबतो. ३ मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला, तर जवळपास ८ मिलिमीटरने वाढतो. त्यामुळे भिंतीत पाइपासाठी खोदलेल्या झिरीत तो सिमेंटने घट्ट आवळू नये. त्यावर मऊ आवरण चढवून वळणांपाशी थोडी मोकळीक ठेवावी. नळाच्या तोंडाशी पितळी आटे असलेलेच जोड घ्यावेत.

प्रश्न : पाहुण्यांच्या न्हाणीघरात अधूनमधून दुर्गंधी येते. नूतनीकरणात त्यावर काही उपाय करता येईल का?

उत्तर : ट्रॅपमध्ये साठून राहिलेले पाणीच गटाराची हवा अडवते आणि त्या पाण्याची खोली सुमारे ५० मिलिमीटर असावी लागते. वापर नसला, की ते सुकते; अशा ट्रॅपमध्ये मधूनमधून तांब्याभर पाणी ओतले तरी पुरते. वापर असूनही वास येत असेल, तर दुसरीकडचे पाणी जोरात वाहताना ट्रॅपमधील पाणी ओढून नेत असण्याची शक्यता असते. त्यासाठी उभ्या पाइपाचे हवेचे टोक छतावर उघडे आहे ना, हे पाहावे. प्रत्येक निचऱ्याला एकच ट्रॅप द्यावा. एकापुढे एक दोन ट्रॅप जोडले, तर मधली हवा कोंडून निचरा मंदावतो.

प्रश्न : भिंत बंद करण्यापूर्वी कोणत्या चाचण्या घ्यायला हव्यात?

उत्तर : दोन चाचण्यांचा आग्रह अवश्य धरावा, कारागिरांना घाई असली तरी. पहिली पाइपांची. सांधे सोल्युशनने जोडल्यावर एक दिवस सुकू द्यावेत, सर्व तोंडांना बूच मारावे, आतली हवा काढून टाकावी आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही तास मापकाचा काटा पाहावा. काटा उतरला, तर गळणारा सांधा शोधल्याशिवाय गिलाव्याला हात लावू देऊ नये. दुसरी जमिनीची. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल बसवण्यापूर्वी, निचऱ्याची तोंडे बंद करून पाणी साठवावे, पातळीची रेघ भिंतीवर ओढावी आणि किमान २४ तासांनी ती पातळी आणि खालच्या छताची ओल दोन्ही तपासावीत. थोडे पाणी हवेत उडून जाते, तेवढी घट गृहीत धरावी.

चाचण्या झाल्या, की भिंतींना मोजपट्टी लावून प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढावे. त्यात जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापे वाचता आली पाहिजेत, कारण पुढे कपाट किंवा टॉवेलची दांडी लावताना छिद्र कोठे पाडू नये, हे त्यावरूनच कळणार आहे. या न्हाणीघरापुरता वेगळा बंद कॉक हात पोहोचेल अशा जागी आहे, याचीही खात्री टाइल्स लागण्यापूर्वीच करून घ्यावी.