पाणी कुठं जिरतंय, ते आधी बघ

प्रिय बेटा,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. तुमच्या संत्र्याच्या पनेरीच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, जाहिरातीवर पंचवीस दिवसांत ७,४०० रुपये गेले, नऊ फोन आले आणि कलमा न्यायला एकही कास्तकार आला नाही. बाबा म्हणतात बंद कर, आणि तू विचारतेस, बजेट वाढवून पाहू का. काल दिवसभर तुझं गूगल ॲड्सचं अकाउंट उघडून बसले होते. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं सुटलं असतं, म्हणून लिहिते आहे.

बजेट वाढवू नकोस. जाहिरात मोडीतही काढू नकोस. आज रात्री फक्त थांबवून ठेव.

तुमच्या वावरात ठिबक यायच्या आधी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, ओलीत व्हायचं, ते तुला आठवत नसेल. रात्रीची लाइन असायची. मोटर रातभर चालायची आणि एखाद्या सकाळी शेवटचे वाफे कोरडेच दिसायचे. तेव्हा तुझे आजोबा मोठी मोटर आणायला गेले नाहीत. बॅटरी घेऊन ते दांडाच्या कडेकडेनं चालत जायचे, कुठं फुटला ते बघायला. तुझ्या जाहिरातीचा दांड मला चार ठिकाणी फुटलेला दिसला. पैसे कमी पडलेले नाहीत, ते भलत्याच वावरात जिरले आहेत.

सगळ्यात मोठं भगदाड सर्च टर्म्सच्या रिपोर्टमध्ये आहे. तू हा रिपोर्ट एकदाही उघडलेला नाहीस असं वाटतं. कीवर्ड म्हणजे आपण गूगलला दिलेला शब्द, आणि सर्च टर्म म्हणजे माणसानं खरोखर टाइप केलेलं किंवा बोललेलं वाक्य. या दोहोंत किती अंतर पडू द्यायचं हे मॅच टाइप ठरवतो. तू 'संत्रा', 'नर्सरी' आणि 'ऑरेंज प्लांट' हे तीन शब्द नुसतेच टाकलेस, म्हणजे ब्रॉड मॅचवर, जिथं गूगल दूरदूरचे शोधही जुळवून घेतं. मग तुझ्या पैशानं कोण कोण आलं बघ: नर्सरी ॲडमिशन नागपूर, संत्रा बाजारभाव आज, संत्रा बर्फी, कुंडीत संत्र्याचं झाड कसं लावावं. मुलाला शाळेत घालायला निघालेल्या आईनं तुमच्या पनेरीच्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि तुझे सात रुपये गेले. तिची काही चूक नाही. तिच्या प्रश्नाला आपण भलतं उत्तर दाखवलं.

आता असं कर. ते तिन्ही शब्द काढ. त्यांच्या जागी दोन-तीन शब्दांचे पूर्ण कीवर्ड घाल: संत्रा कलम, संत्र्याची कलमं, संत्रा रोपवाटिका, जंबेरी खुंट संत्रा (खुंट म्हणजे ज्या झाडावर संत्र्याचा डोळा बसवतात ते, जंबेरी ही त्याची लिंबातली जात), संत्रा कलम भाव. ते अवतरण चिन्हांत टाकलेस की फ्रेज मॅच होतो, म्हणजे शोधात तो अर्थ असायलाच हवा; चौकोनी कंसात टाकलेस की एक्झॅक्ट मॅच, म्हणजे शोधाचा अर्थ नेमका तोच हवा. सुरुवातीला एवढे दोनच ठेव. आपल्याकडे बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हणून प्रत्येक कीवर्ड दोन्ही लिप्यांत दे. मग निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसायला नको अशा शब्दांची, यादी कर: ॲडमिशन, शाळा, बर्फी, ज्यूस, कुंडी, बाजारभाव. निगेटिव्ह यादीत गूगल एकवचन-अनेकवचन स्वतःहून जुळवत नाही, तेव्हा प्रत्येक रूप वेगळं लिही. रिपोर्टात सगळे शोध दिसत नाहीत, फार कमी जणांनी केलेले लपलेले राहतात. जे दिसतात तेवढे दर सोमवारी वाच.

इथं मात्र एक सावधगिरी. 'अनुदान' हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकू नकोस. मी एकदा एका ठिबक विक्रेत्याची जाहिरात चालवत होते. 'ठिबक अनुदान अर्ज' शोधणाऱ्यांना महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरायचा होता, दुकानात यायचं नव्हतं. मी तो रिपोर्ट वाचलाच नाही, उलट दोनदा बजेट वाढवायला सांगितलं. त्या माणसानं विश्वासानं वाढवलं आणि तिसऱ्या महिन्यात हात जोडले. ते पैसे त्याच्या हंगामाच्या कमाईतले होते. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. पण कलमांचं गणित वेगळं आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अनुदानाची माहिती शोधणाऱ्या कास्तकाराला पुढं कलमा घ्याव्याच लागतात, आणि फायलीला परवानाधारक रोपवाटिकेचं पक्कं बिल लावावं लागतं. तुमच्याकडे परवाना आहे. तो शोध महिनाभर वेगळा ठेवून पाहा. एकाच्या धंद्यात जो शब्द तण असतो, तो दुसऱ्याच्या धंद्यात पीक असू शकतो, म्हणून निगेटिव्हच्या तयार याद्या कुणाकडून उचलू नकोस.

दुसरी फूट साधी आहे. कॅम्पेन बनवताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइट आणि ॲपवर जाहिरात दाखवायची, खूण तशीच राहून गेली, त्यामुळे अर्ध्याहून जास्त क्लिक शोधातून आलेलेच नाहीत. ते मोबाइलवरच्या गेममधून आले, खेळता खेळता लेकरांची बोटं पडली. ती खूण काढ. सर्च पार्टनर्सची, म्हणजे गूगलबाहेरच्या शोध-साइटची, तीही काढ.

तिसरी फूट ठिकाणाची. तू अमरावती आणि नागपूर जिल्हे निवडलेस ते बरोबर. पण त्याखालच्या पर्यायात 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे' असं आधीपासूनच निवडलेलं असतं. त्यामुळे मुंबईत बसून नागपुरी संत्र्यांची पेटी मागवणारा माणूसही तुझ्या हिशेबात आला. 'फक्त तिथं असलेले' एवढंच ठेव. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, काटोल, नरखेड, कळमेश्वर, आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी-कारंजा, एवढा पट्टा आधी घे. सीमेपलीकडे पांढुर्णा-सौंसर आहे, पुढे आगर-माळवा आणि राजस्थानातलं झालावाड आहे. तिथंही हाच संत्रा लावतात. पण त्यांच्यासाठी वेगळी कॅम्पेन हवी, हिंदीतली, 'संतरे का पौधा' अशा शब्दांची, आणि फोन उचलणाराही हिंदीत नीट समजावणारा हवा. ते यंदा नको. पुण्यात नोकरी करणारी आणि बापाच्या वावरासाठी फोनवर शोधाशोध करणारी पोरंही आहेत, त्यांचाही विचार पुढच्या हंगामात करू.

चौथी फूट मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती दिसत नाही. कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीतून आपल्याला जे घडायला हवं ते. तू त्यासाठी 'पान उघडलं' हे लावून ठेवलंस. मग गूगलचं यंत्र पान उघडणारी माणसं शोधत बसलं, आणि ती त्यानं इमानदारीनं आणून दिली. तू मागितलंस तेच मिळालं. कन्व्हर्जन म्हणून साइटवरच्या फोन नंबरवर किंवा व्हॉट्सॲपच्या बटणावर पडलेलं बोट, एवढंच ठेव. आणि आठवड्याला असे पाच-दहा संपर्क येत असताना कन्व्हर्जन बघून बोली, म्हणजे एका क्लिकला किती द्यायचं ते, ठरवायचं काम यंत्राच्या हाती देऊ नकोस. त्याला शिकायला पुरेसा दाणागोटा नाही. सध्या जास्तीत जास्त क्लिकची पद्धत घे आणि एका क्लिकची वरची मर्यादा स्वतः बांधून टाक.

आता हिशेब. तुझ्या वहीचाच आधार घेते. कलमेमागे १२ रुपये सुटतात असं तू सांगितलंस. ६ बाय ६ मीटरवर एकरात ११२ च्या आसपास कलमा बसतात, म्हणजे एका एकराच्या गिऱ्हाइकामागे १,३४४ रुपये. बाबा म्हणतात, गावाहून फोन करणाऱ्या चौघांतला एक नेतो. मग एका खऱ्या फोनची किंमत तुमच्यासाठी ३३६ रुपये. त्यातले दीडशे जाहिरातीला गेले तरी चालेल. तुला एक फोन ८२२ रुपयांना पडला, वरचा १८ टक्के जीएसटी धरला तर ९७० ला. म्हणून सात रुपयांचा क्लिक स्वस्त आहे या भ्रमात राहू नकोस. पंधरा रुपयांचा क्लिक घेऊन दर दहातल्या एकानं फोन केला तर तो फोन दीडशेला पडतो. भाव क्लिकचा बघायचा नसतो, फोनचा बघायचा असतो.

आणि बोली वाढवली की जाहिरात वर जाते, हेही अर्धंच खरं. प्रत्येक शोधाला जाहिरातींच्या जागेचा लिलाव होतो, त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. क्वालिटी स्कोअर १ ते १० मध्ये दिसतो, आणि तो तीन गोष्टींवर ठरतो: लोक क्लिक करतील याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि पान उघडल्यावर काय मिळतं. तुझ्या मुख्य कीवर्डचा स्कोअर ३ आहे. कारण जाहिरातीत लिहिलं आहे 'दर्जेदार रोपे, वाजवी दर'. हे वाक्य मिरचीच्या रोपांनाही चालतं, गुलाबालाही चालतं.

म्हणून बेटा, आता माझं सगळ्यात जीव लावून सांगणं ऐक. चार दिवस बाबांच्या फोनजवळ बस. कास्तकार काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत वहीत लिही. मी तुमच्या पनेरीवर बसले होते तेव्हा ऐकलेलं मला अजून आठवतं. 'खुंट जंबेरीचाच हाय ना?' 'डोळा किती उंचीवर भरला?' 'कलम किती महिन्याची हाय?' 'झाडं डिंक्यानं तर जाणार नाहीत?' एकानंही 'दर्जेदार' म्हटलं नाही. डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेला संत्र्याचा अंकुर, जमिनीपासून वीतभर वर भरलेला असला की मातीतली बुरशी सांध्यापर्यंत सहज पोचत नाही, डिंक्याचा, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाचा, धोका कमी होतो. हे त्या माणसाला माहीत आहे, कारण त्याची आधीची बाग डिंक्यानंच गेलेली असते. खोटी कलम निघाली तर ते कळायला त्याची चार-पाच वर्षं जातात, म्हणून तो एवढं खोदून विचारतो. त्याच्या या भीतीला तुझ्या जाहिरातीत कुठं उत्तर नाही.

गूगल एका जाहिरातीत १५ मथळे घेतं, प्रत्येकी ३० अक्षरांचे, आणि ९० अक्षरांची चार वर्णनं. 'जंबेरी खुंटावरची संत्रा कलम' हे ३० मध्ये बसतं. 'वीतभर उंचीवर डोळा भरलेली' बसतं. 'परवानाधारक पनेरी, वरुड' बसतं. पंधरा भरलेच पाहिजेत असं नाही, आठ खरे पुरतात. आणि लिहायचं ते खरंच असलं पाहिजे. एखाद्या लॉटमध्ये खुंट रंगपूर लाइमचा असेल तर तसंच लिही, त्यालाही घेणारा आहे.

पानाचंही तेच. तुझ्या पानावर वर मोठा फिरता फोटो आहे, माझ्या फोनवर तो उघडायला बारा सेकंद लागले, आणि मी अमरावतीत बसून पाहत होते. मोर्शीच्या पुढं वावरात उभा असलेला माणूस तेवढा थांबत नाही. फोटो दोनच ठेव, हलके: सांध्याजवळून घेतलेला एक आणि मुळांचा एक. मग भाव, कलमांचं वय, खुंट, परवाना क्रमांक, पनेरीचा रस्ता, आणि बोटाएवढं मोठं फोनचं बटण. भाव लिहायला बाबा नको म्हणतील. त्यांना सांग, भाव बघून परत गेला तो फोन करूनही परतच गेला असता, आणि तुमचा फोनवरचा वेळ वाचला.

फोन उचलण्याचं काय करणार ते ठरव. नऊ फोनांपैकी चार दुपारी एक ते तीनमध्ये आले, कास्तकार जेवायला सावलीत बसतो त्या वेळी. तेव्हा बाबा वाफ्यांवर होते आणि फोन घरात चार्जिंगला होता. त्यातले दोन उचललेच नाहीत. एक रात्री आठला आला होता. जाहिरात दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढीच चालव, आणि त्या वेळात फोन तुझ्याजवळ ठेव. प्रत्येक फोनचं गाव, किती एकर, कोणता खुंट मागितला, केव्हा नेणार, इसार दिला का, हे लिही. ही वही गूगलकडे नाही. तुझी खरी मोजणी तिच्यात आहे.

हे सगळं एकाच रात्री बदलू नकोस असं मी एरवी सांगते, पण फुटलेलं आधी बुजवायला हवं: शब्द, डिस्प्ले, ठिकाण, कन्व्हर्जन, हे चारही आजच. जाहिरातीचा मजकूर आणि पान पुढच्या आठवड्यात. त्यानंतर दोन आठवडे हात लावू नकोस, तासातासाला आकडे बघू नकोस. गूगल बजेट वाढवायच्या सूचना देईल, ऑप्टिमायझेशन स्कोअर दाखवेल. प्रत्येक सूचना वाच, पण सूचना आपोआप लागू व्हायचा पर्याय बंद ठेव. रोज ३०० चं बजेट ठेवलंस तर एखाद्या दिवशी ६०० पर्यंत जातील, घाबरू नकोस. महिन्याचा हिशेब ते रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीत बसवतात.

वेळ मात्र थोडा आहे. मे अर्धा गेला. लागवड जुलै-ऑगस्टची, पण खड्डे खोदून झाले की माणूस कलमा शोधायला लागतो, आणि मृग लागला की फोन वाढतात. जाहिरातीचे पैसे जूनसाठी राखून ठेव, ऑगस्टनंतर ती बंद केलीस तरी चालेल. संत्र्याला बारा महिने जाहिरात लागत नाही.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं वरुडला येते आहे. बाबांची गेल्या हंगामाची बुकिंगची वही काढून ठेव, आणि तोवर चार दिवसांचे फोन तुझ्या वहीत उतरलेले असू देत. ते दोन न उचललेले नंबर उद्याच परत लाव.

तुझी,
मावशी