१२ व्होल्ट, २० अँपिअरच्या फुल ब्रिजसाठी एसआर कंट्रोलर निवडताना

अरे, तुझ्या फुल ब्रिज (चार स्विचने ट्रान्सफॉर्मर चालवणाऱ्या) पॉवर सप्लायला एसआर, म्हणजे आउटपुटच्या डायोडऐवजी मॉस्फेट वापरणारा सिंक्रोनस रेक्टिफायर, लावायचाय ना? मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या आधी थोडं गणित कर. शॉटकी डायोडवर अर्धा व्होल्ट पडला, तर २० अँपिअरला १० वॅट नुसती उष्णता. २ मिलिओहमच्या मॉस्फेटवर तेच ०.८ वॅट. म्हणजे एसआर हवाच.

पण दुकानदार देईल तो फ्लायबॅकचा (छोट्या अडॅप्टरमधल्या सर्किटचा) एसआर कंट्रोलर उचलू नकोस. तो मॉस्फेटच्या दोन टोकांमधलं (ड्रेन-सोर्स) व्होल्टेज बघून त्याला चालू-बंद करतो. तुझ्या हार्ड-स्विच्ड ब्रिजमध्ये (जिथे स्विच व्होल्टेज असतानाच चालू होतात) रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजची थरथर, इतकी असते की तो फसतो. शिवाय टीओ-२२० पॅकेजच्या मॉस्फेटच्या लांब पायांचं इंडक्टन्स त्याला चकवतं, मॉस्फेट वेळेआधी बंद होतो आणि करंट मॉस्फेटच्या आतल्या बॉडी डायोडमधून जातो. मी यात दोन महिने घालवलेत. गरम हीटसिंकला हात लावून शिकलो!

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूचे स्विच चालवणाऱ्या पीडब्ल्यूएम सिग्नलवरूनच एसआरचे गेट चालव. फेज-शिफ्ट (ब्रिजच्या दोन बाजूंच्या वेळेत फरक ठेवून कंट्रोल) करणार असशील तर यूसीसी २८९५० हा कंट्रोलर बघ, एसआरचे दोन आउटपुट त्यातच आहेत. हलक्या लोडला मात्र एसआर बंद करायची सोय ठेव, नाहीतर इंडक्टरमधला करंट उलटा वाहतो.

आणि सेंटर-टॅपमध्ये (मधून तार काढलेल्या सेकंडरीत) मॉस्फेटवर अर्ध्या वाइंडिंगच्या दुप्पट व्होल्टेज येतं. अर्धं वाइंडिंग २४ व्होल्टचं असेल तर ४८ व्होल्ट, वर रिंगिंग. ६० व्होल्टचा मॉस्फेट घेऊ नकोस, १०० चा घे.