भुलीत मी काही बोलले तर?

अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली, काकू इंजेक्शनच्या नावानेच थरथरणाऱ्या, म्हणून सर्जननी शिरेतून गुंगीचं औषध देऊन सेडेशनमध्ये काढायचं ठरवलं. पण काकू दोनदा तारीख घेऊन आल्याच नाहीत, मग समजूत काढायला पाठवलं माझ्याकडे. सोबत मुलगा. मी काकूंना विचारायचं आणि उत्तर त्याने द्यायचं असं दहा मिनिटं चाललं, शेवटी त्याला केसपेपर आणायला पिटाळलं (केसपेपर माझ्याच टेबलावर होता, असो).

मला वाटलं आता नेहमीचं येणार, शुद्धच आली नाही तर. काकूंचं भलतंच. "ताई, भुलीत माणूस पोटातलं ओकतो म्हणे. पोरगा बाहेरच बसणार ना."

पोटातलं म्हणजे मिश्री. वीस वर्षं, दिवसातून चारदा, घरात कुणाला पत्ता नाही!

खोटा धीर मी देत नाही. सांगितलं, सेडेशनमध्ये पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, गुंगी असते, हाक मारली तर ओ देता, कुणी थोडं बडबडतंही. पण तोंडात गॉज आणि जबडा उघडा ठेवायला ठोकळा, त्यात भाषण काय करणार, आणि मुलगा दाराबाहेर. नंतर तुम्हालाच फारसं आठवणार नाही. मात्र मिश्रीचं भूलतज्ज्ञांना आधी सांगायचंच, तंबाखूने नाडी-बीपी वाढतं, जखमही उशिरा भरते. एकट्यात सांगा, मी सोबत येते म्हटलं. आल्या, सांगितलं, डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं, एवढंच.

दुसरी भानगड चहाची. काकूंच्या मते चहा म्हणजे काय खाणं नव्हे. पण दुधाचा चहा आमच्याकडे जेवणातच धरतात, आधीचे 6 तास बंद, तेलकट जेवण असेल तर 8, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. कारण गुंगीत घशाची राखण ढिली पडते, पोटातलं वर आलं तर फुफ्फुसात जाऊ शकतं. (नुसतं हिरडीत इंजेक्शन देऊन दात काढायचा असेल तर उलट, खाऊन या.) बीपीची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारायचं, मनाने बंद करायची नाही.

तिसऱ्या तारखेला आल्या. बाहेर आणल्यावर गाल सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले, पहिलं सिस्टरला, "मी काय बोलले?"

सिस्टर म्हणाली, "घोरत होतात."


मुलाला 24 तास त्यांना एकटं सोडू नको आणि कुठे सही करायला लावू नको एवढंच सांगितलं.