वय 44, पेटीच्या क्लासला बाकी सगळी शाळेतली मुलं. घरी थोडं शिकून घेऊन मग जाऊ का?

मुलांसमोर चुकायची लाज वाटते, म्हणून दोन-चार महिने मोबाइलवर बघून हात बसवावा आणि मगच क्लासला जावं, असं तुमच्या मनात आहे. कळकळीने सांगतो, असं करू नका. मी त्याच वाटेने गेलो होतो.

आमचं गाव कुडाळजवळ. लहानपणी भजनात मोठ्यांच्या बोटांकडे बघत बघत मी पेटी उचलली. कुठलं बोट कुठे हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाराव्या वर्षी गणपतीत घरोघरी भजनाला पेटी धरायला लागलो. पोराचा हात गोड आहे, असं सगळे म्हणायचे. पण माझं सगळं वाजवणं काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या सुरावर सा धरून. पुढे वीसेक वर्षांनी एका घरी गाणाऱ्या काकांचा आवाज बसला होता, ते म्हणाले, "पांढरी एक धर." म्हणजे अर्धाच स्वर खाली. पण सा सरकला की काळ्या-पांढऱ्यांची सगळी मांडणी फिरते. माझी बोटं जागच्या जागी अडली. अख्खा अभंग मी नुसता सा धरून बसलो. सुरुवातीला कोणासमोर चुकलोच नव्हतो, त्यामुळे कोणी दुरुस्तही केलं नव्हतं. अंगठा भलत्या ठिकाणी टाकायची सवय अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून 41व्या वर्षी पखवाज शिकायला बसलो तेव्हा, पेटी येते हे बाजूला ठेवून, अगदी कोरा बसलो. पहिले काही दिवस तर वाजवणं नव्हतंच, कणीक मळणं होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावतात. पाणी जास्त झालं की ती थापेखाली सरकते, कमी पडलं की सुकून भेगा पडतात. श्रावणातल्या दमट हवेत कातडं उतरलेलं असतं, मग कडेचे लाकडी गट्टे (ठोकळे) ठोकून स्वर चढवायचा. मला घाई व्हायची. शिकवणारे बुवा म्हणायचे, "घाय कित्याक करतंस? आधी आयक, मगे वाजय." महिन्याभरात नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की कणीक कमी पडली आहे. भजनात मी वर्षानुवर्षं पखवाजाच्या शेजारी बसलो होतो, पण हे कधी कानावर पडलंच नव्हतं.

मग चौताल हा ताल. 12 मात्रा (ठोके), 4 टाळ्या, 2 खाली (टाळी न देता हात मोकळा). पखवाजाला हात न लावता तोंडाने म्हणायचं: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. माझ्या शेजारी चौथीतली एक मुलगी बसायची. एक दिवस तिने विचारलं, "काका, तुमचा दिं असा मिटल्यासारखा का वाजतो?" बरोबर होतं तिचं. थाप मारून माझा पंजा कातड्यावरच राहत होता, त्यामुळे गुंजन मरत होतं. इतकी वर्षं पेटी वाजवतो, पण असं मला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. एकदा का वाजवणारा म्हणून नाव झालं की माणसं भिडेपोटी गप्प बसतात. नवख्याला मात्र सगळे सांगतात. हे दिवस फार थोडे असतात हो, ते घरात दार लावून घालवू नका.

पेटीचं म्हणाल तर सुरुवातीला भात्याच्या हाताकडे लक्ष द्या. हवा एकसारखी गेली नाही तर बोटं कितीही तयार असली तरी स्वर हेलकावतो. एकच सा धरून, तो डगमगत नाही ना, एवढंच रोज ऐका. अलंकार (सारेग, रेगम असे स्वरांचे सराव) पहिल्यापासून दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन वेगळे सा धरून, घोटा, मग माझ्यासारखी वेळ यायची नाही. भजनाला बोलावलं तर इतक्यात पेटी नको, झांज घ्या. लय अंगात मुरते.

आणि उद्या क्लासला गेलात की शेजारच्या मुलाला सांगून ठेवा, मी चुकलो की लगेच सांग.