दोन जवळजवळ सारखे ऑफ-व्हाइट आवडलेत, एक पिवळट झाकेचा, एक राखाडी. हॉलला कोणता द्यावा?

हॉलमध्ये थेट ऊन येत नसेल तर पिवळट घ्या, दिवसभर ऊन असेल तर राखाडी. उन्हाशिवायचा, नुसत्या आकाशाचा उजेड निळसर असतो. त्यात राखाडी झाकेची भिंत मळकट, कधी चक्क निळी वाटते. उलट ऊन आणि रात्री २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी मिळून पिवळट शेडचं पार लोणी करून टाकतात. रंगकामात रोज दिसणारी गोष्ट आहे ही.

शेडकार्डावरून मात्र ठरवू नका. तो चौकोन नखाएवढा, आणि खोलीत चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे झाक कार्डापेक्षा गडद जाणवते. दोन जाड पांढऱ्या पुठ्ठ्यांवर एकेका रंगाचे दोन हात मारा, कडेला बोटभर पट्टी कोरी सोडा (जुन्या भिंतीच्या रंगाने डोळा फसतो) आणि पूर्ण वाळल्यावर भिंतीला टेकवून उभे ठेवा. जमिनीवर आडवे ठेवून बघू नका, उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. शेजारी कोरा कागद धरला की कोणत्यात काय मिसळलंय ते लगेच उघडं पडतं.

अपवाद एकच: फरशी किंवा लाकूडकाम ठसठशीत पिवळट-तपकिरी असेल तर उजेडाचा नियम बाजूला ठेवा आणि पुठ्ठा फरशीला लावून जो तिच्याशी भांडत नाही तो घ्या. फरशी काही तुम्ही बदलणार नाही.