पहिली मधपेटी घेताय? आधी एवढंच बघा

दादा, मधमाश्या पाळायचा विचार मस्त आहे, पण पहिल्याच वर्षी मधाचा हिशोब मांडू नका. सुरुवात सातेरीनेच करा, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी; आग्या माशी पेटीत राहत नाही, तिच्या नादी लागू नका. जमलं तर दोन पेट्या घ्या, एक कमजोर पडली की दुसरीकडे बघून लगेच कळतं.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं:
- रोज झाकण उघडणं. सातेरीला सारखं छेडलं की ती पेटी सोडून सरळ निघून जाते. आठवड्यातून एकदा बघा, पुरे, आणि राणी शोधत बसू नका, पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी उभी दिसली की राणी आहे समजा.
- सगळा मध काढून घेणं. भर पावसाळ्यात माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही, मग साखरेचा पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या पेटीतल्या माश्या येऊन लुटालूट करतात.
- स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या न ठेवणं. मुंग्या!

शेजारच्या शेतकऱ्यांशी फवारणीचं आधीच बोलून ठेवा, पीक फुलात असताना नकोच. बियाण्याच्या कांद्याला दाणा भरायला माश्या लागतात हे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. राणी तयार करणं, वसाहत फोडणं (एका पेटीतल्या माश्यांच्या दोन पेट्या करणं) वगैरे नंतर बघू.